मदत हवी आहे: भर उन्हात फ्लॅश पुरत नाही, एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) घ्यावा का?

मोकळ्या जागेत पोर्ट्रेट काढताना सूर्य माणसाच्या पाठीमागे ठेवते. केसांवर उजेडाची सुंदर कड येते, पण चेहरा काळवंडतो. चेहऱ्यासाठी एक्सपोजर वाढवलं की आकाश पांढरंफटक. म्हणून फ्लॅश.

जवळ एकच स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश), वायरलेस ट्रिगर आणि फ्लॅशचा उजेड मऊ करणारी पांढरी छत्री आहे. कॅमेऱ्याचा सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅश नेहमीसारखा चालतो ते सर्वात वेगवान शटर, १/२०० सेकंद. सोबत कोणी नसतं, त्यामुळे रिफ्लेक्टर धरायचा प्रश्नच येत नाही. संध्याकाळी किंवा झाडाच्या सावलीत काढते तेव्हा अडचण नसते, पण दुपारची वेळ नेहमी टाळता येत नाही.

आयएसओ १००, १/२००, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) ला आकाश छान येतं, फ्लॅशही जेमतेम पुरतो. पण मागचं सगळं स्पष्ट दिसतं आणि मला तर ते धूसरच हवंय! एफ/२.८ (छिद्र मोठं) ला शटर १/३२०० वर जातं. तिथे हाय-स्पीड सिंक (सिंक स्पीडपेक्षा वेगवान शटरला फ्लॅश चालवायची सोय, पण त्यात फ्लॅशचा उजेड कमी पडतो), फ्लॅश पूर्ण ताकदीवर, छत्री चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर, तरी चेहरा अंधाराच. छत्री काढली की उजेड पुरतो, पण नाकाखालची सावली फार कडक पडते.

चार स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) एनडी लावला तर १/२०० वरच एफ/२.८ मिळेल. तो फ्लॅशचा उजेडही तेवढाच अडवणार, म्हणजे हिशोबाने एफ/११ इतकाच फ्लॅश लागेल. प्रत्यक्षात हे जुळतं का? आणि त्या फिल्टरमधून ऑटोफोकस डोळ्यावर नीट बसतो का, की दुसरा स्पीडलाइट जोडणं जास्त बरं?