रिबन एका टोकाला जाऊन अडकते, काय करू?

घरातला जुना टाइपरायटर माळ्यावरून काढला, चालतो झकास पण अक्षरं फिकी येतात अन् रिबन संपली की उलटी फिरतच नाही. इंदुरात रिबन मिळेल का?

– कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांना विचारा की! अर्धा इंच रुंदीची घ्या, पण जुने स्पूल (रिबनची रिळं) फेकू नका हं, नवी रिबन त्यांच्यावरच हाताने गुंडाळायची. काळी-लाल असेल तर काळी बाजू वर. हात बरबटतात, जुना बनियन घालून बसा.

– भाऊ, रिबनच्या टोकाजवळ धातूची बारीक रिंग आहे का बघा, बऱ्याच मशीनांत तीच खटक्याला अडून दिशा बदलते. अन् रंगाचा खटका पांढऱ्या खुणेवर नाही ना? तो स्टेन्सिलचा (प्रती काढायच्या मेणकागदावर शाईविना टाइप करायचा), रिबन वर येतच नाही.

– रिंग गायब आहे! धन्यवाद.