पायाच्या शिरांचं लेझर करावं की आरएफ? आणि तव्यापुढं परत कधी उभं राहता येतं?

पोळपाट_लाटणं :
नमस्कार मंडळी. वय 48, सांगलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे साडेपाच ते दुपारी दोन उभीच. धाकट्याच्या बाळंतपणापासून डाव्या पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरा दिसायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणाच्या खुणा त्या, जातील." तो धाकटा आता इंजिनिअरिंगला आहे, आणि शिरा गांडुळासारख्या वर आल्यात. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडलीय, खाज सुटते. संध्याकाळी चप्पल घट्ट होते, रात्री गोळे येतात.

डॉपलर केलं, म्हणजे शिरांत रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी. मांडीच्या आतल्या बाजूनं जाणारी मोठी शीर फुगून 9 मिमी झालीय, जांघेतली झडप निकामी आहे असं रिपोर्टात आहे. एका डॉक्टरांनी लेझर सांगितलं, दुसऱ्यांनी आरएफ (रेडिओलहरींची उष्णता). दोन्हींत शीर आतून तापवून बंद करतात म्हणे. जावेच्या ओळखीतले म्हणतात, आता ग्लू आलाय, शीर आतून चिकटवून बंद करतात, तेच करा. शीर जाळून टाकली तर रक्त जाणार कुठून? किती दिवसांत उभी राहू शकेन? 60 डबे आहेत, हाताखाली एकच बाई. आणि परत होतं का?
(जळवा लावून झाल्यात. त्यावर सल्ला नको.)

उभा_माणूस :
ताई, मी कराडकडचा, सलूनवाला. 31 वर्षं खुर्चीमागं उभा आहे. उजवा पाय तीन वर्षांपूर्वी आरएफनं केला.

आमच्या अण्णांचं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालं होतं. पाठीत भूल, जांघेत चीर, अख्खी शीर ओढून काढलेली. महिनाभर दुकान बंद. ते आठवूनच मी आठ वर्षं टाळाटाळ केली, ती चूक. घोट्यावर जखम झाली तेव्हा शुद्धीवर आलो. तुमची कातडी तपकिरी झालीय म्हणता, म्हणजे जखमेच्या अलीकडची पायरी. तेवढं मनावर घ्या.

माझं असं झालं. टेबलावर आडवं केलं, गुडघ्याजवळ एक सुई, त्यातून शेवईपेक्षा जरा जाड नळी शिरेत सरकवली. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती जांघेकडं चढताना मी बघत होतो. अगदी तोंडाशी नेत नाहीत, दोनेक सेंटिमीटर अलीकडं थांबतात, नाहीतर आतल्या मोठ्या शिरेला धग लागेल. मग शिरेच्या कडेकडेनं भुलीचं औषध घातलेलं गार सलाईन भरतात. दुखतं ते इथं! सुयांवर सुया. जन्मभर लोकांच्या गळ्याला वस्तरा लावला, पण सुई दिसली की मी डोळे मिटतो. डॉक्टर म्हणाले, या पाण्यानं कातडी आणि शेजारची संवेदनेची नस भाजत नाही, शीरही नळीवर घट्ट दाबली जाते. पुढचं कळलंसुद्धा नाही. नळीच्या टोकाचा 7 सेंटिमीटरचा भाग 120 अंशांना तापतो, 20 सेकंद. मशीन वाजलं की नळी खाली ओढायची, परत 20 सेकंद. सगळ्यात वरच्या तुकड्याला दोनदा. शीर आतून आकसून बंद. पोटरीवरच्या गाठी मात्र वेगळ्या काढल्या, बारीक छेद देऊन, क्रोशाच्या सुईसारख्या हुकानं. टाके नाहीत. घट्ट मोजा चढवला आणि म्हणाले, उठा, चाला. संध्याकाळी घरी.

चौथ्या दिवशी दुकान उघडलं, अर्धा दिवस. दुसऱ्या आठवड्यात मांडीत आतून दोरी ओढल्यागत झालं, आठ-दहा दिवसांत गेलं. गुडघ्याखाली रुपयाएवढी जागा बरेच महिने बधिर होती. मोजा घालणं हीच खरी परीक्षा! वैशाखात तर विचारू नका. पहिले दिवस बायको हातात रबरी मोजे घालून तो चढवायची, पकड चांगली बसते.

लेझर की आरएफ? आमच्याकडं कुणाचा हात कात्रीवर बसलेला असतो, कुणाचा मशीनवर. गिऱ्हाईकानं हात बघावा. डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही दर आठवड्याला काय करता? ते करा.

सोनोग्राफीवाली :
मी हे डॉपलरचं मशीन रोज चालवते, म्हणून थोडी भर. ताई, पायातलं सुमारे 90 टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जातं. तुमची कातडीजवळची शीर सध्या रक्त वर न्यायच्या ऐवजी खाली सोडतेय, त्यामुळे ती बंद केल्यानं आतल्या शिरांचा भार उलट हलका होतो. पण खोल शिरा मोकळ्या आहेत हे रिपोर्टात लिहिलेलं हवं, ते बघा. आणि डॉपलर उभं राहून केलं होतं का? झडप तपासताना पोटरी दाबून सोडायची, रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप गेली समजायचं. आडवं झोपवून हे नीट कळत नाही.

दादांनी वर्णन झकास केलंय. लेझरची 1470 नॅनोमीटरची नवी मशीनं जुन्यांपेक्षा कमी काळंनिळं करतात, शीर बंद होण्यात लेझर-आरएफमध्ये फारसा फरक नाही. ग्लूमध्ये त्या गार पाण्याच्या सुया वाचतात, मोजेही बहुधा लागत नाहीत, पण महाग आणि काहींना अ‍ॅलर्जीची लाली येते. नंतर आठवड्याभरात परत डॉपलर करतात, गुठळी आतल्या शिरेत सरकली नाही ना हे बघायला. ते चुकवू नका. पोटरी अचानक सुजून दुखली किंवा धाप लागली, तर मात्र तारखेची वाट न बघता थेट दवाखाना.

चिंचगूळ :
परत होतं का म्हणाल तर हो, माझ्या बहिणीचं झालं. "अर्ध्या तासात वेदनामुक्त" अशी पाटी बघून गेली. पोटरीवरच्या शिरांत फेसाची इंजेक्शनं दिली, वरची गळकी झडप तशीच ठेवली. दीड वर्षात शिरा परत हजर. टाकीचा नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखं.
अवांतर: मेडिक्लेम असेल तर आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींत या आजाराला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत.

पोळपाट_लाटणं :
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट परत काढला. खोल शिरा मोकळ्या आहेत. पण डॉपलर झोपवूनच केलेलं, उभं केलंच नव्हतं. सोमवारी परत करायला जाते. पॉलिसीला पाच वर्षं झालीत, तो प्रश्न नाही. दादा, अर्धा दिवस उघडलं म्हणता, ते सलग उभं राहून?

उभा_माणूस :
सलग नाही ओ. दोन गिऱ्हाइकं झाली की दुकानाबाहेर चौकापर्यंत चालून यायचं. चालताना पोटरी पंपासारखी रक्त वर ढकलते, एका जागी उभं राहिलं की पंप बंद. अजूनही दाढी करताना मी टाचा वर-खाली करत असतो, गिऱ्हाईक विचारतं गाणं लागलंय का म्हणून. तुम्ही कणीक मळायला तरी बसा की, उंच स्टूल घ्या. आणि पहिला आठवडा 60 चे 30 डबे करा. बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं की लोक चिडतात.

पोळपाट_लाटणं :
आजच्या डब्यांत चिठ्ठी टाकली.