घरातल्या घरात फाइल जात नाही तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

इंटरनेट छान चालतंय, व्हिडिओ कॉल होतोय, पण हॉलमधल्या संगणकावरची फाइल आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर काही केल्या जात नाही. बहुतेक घरांत हे कधी ना कधी होतं आणि सगळे पेनड्राइव्ह शोधायला लागतात. विचारलं तर 'राउटर बंद करून चालू करा' यापलीकडे सल्ला मिळत नाही. म्हणून हा धागा काढतेय. विनंती एकच आहे: काय केल्यावर चाललं ते लिहाच, पण दोष तिथेच आहे हे कशावरून कळलं तेही लिहा. तुमचा उपाय दुसऱ्याच्या घरी चालेलच असं नाही, शोधायची रीत मात्र सगळीकडे चालते.

सुरुवात माझ्यापासून. मी आधी दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारे आकडी पत्ते) बघते. मग फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन, संगणकाच्या नावाऐवजी थेट आयपी टाकते. आयपीने उघडलं आणि नावाने नाही उघडलं, तर भानगड फक्त नाव सापडण्यात आहे. पासवर्ड मागितला तर वाट मोकळी आहे, प्रश्न परवानगीचा आहे. काहीच झालं नाही तर फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा संगणकातला पहारेकरी) किंवा वेगळं नेटवर्क. अशा वेळी समोरच्या विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' वर आहे का ते पहिल्यांदा बघा; तसं असेल तर तो संगणक इतरांना दिसतच नाही. पिंगवर (समोरचा संगणक उत्तर देतो का ते बघायची आज्ञा) फार विसंबू नका. फायरवॉल पिंग अडवते, म्हणून उत्तर आलं नाही तरी संगणक बंद आहे असं ठरत नाही.

सांगलीहून, घरातच फोटो स्टुडिओ

लग्नाचा सीझन असला की दोन संगणकांमध्ये २०० जीबीच्या आसपास डेटा रोज इकडून तिकडे जातो. दोन्हीकडे एसएसडी ही वेगवान डिस्क, राउटर गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा, तरी वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकेना. मला खटकलं ते त्याचं ठाम राहणं. वायफायचा वेग वरखाली होतो, डिस्क दमली तर वेग पडतो. हा आलेख मात्र पट्टी ठेवून ओढल्यासारखा सरळ. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटला ८ ने भागलं की साडेबारा एमबी येतात आणि त्यातले अकरा-साडेअकरा हाती लागतात. म्हणजे जोडणी १०० वर अडकली होती. सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघितला तर तिथेही १००/१००.

दोन्ही संगणकांच्या केबलींची अदलाबदल केली, तर १०० चा आकडा केबलीबरोबर दुसऱ्या संगणकावर गेला. तेव्हा कार्डं आणि राउटर सुटले. केबलचा प्लग मोबाइलच्या टॉर्चखाली धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारांची टोकं दिसतात. त्यात तपकिरी तार पुढच्या भिंतीपर्यंत पोचलीच नव्हती, पितळी पिनेच्या अलीकडेच थांबली होती. १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात, त्यामुळे केबल 'चालू' दिसते. गिगाबिटला आठही लागतात. टोक कापून नवा प्लग क्रिंप केला आणि वेग सेकंदाला ११० एमबीवर गेला. पाच तासांचं काम अर्ध्या तासावर आलं. वायरिंग करून घेताना 'नेट चालतंय ना' एवढ्यावर पैसे देऊ नका, लिंक स्पीड दाखवायला सांगा.

फोंड्याहून

आमच्याकडे फायबरच्या कनेक्शनबरोबर आलेला डबा आणि त्याला जोडलेला आमचा स्वतःचा राउटर. बाबांचा संगणक डब्याला तारेने, आम्हा बाकीच्यांचे लॅपटॉप आमच्या वायफायवर. गंमत अशी की माझ्या लॅपटॉपवरून बाबांचं फोल्डर उघडायचं, पण बाबांच्या संगणकावरून माझं कधीच नाही. या एकतर्फी जाण्यातूनच सुगावा लागला. पत्ते बघितले: त्यांचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा, माझा १९२.१६८.० ने. घरात एकात एक अशी दोन नेटवर्कं झाली होती. आतलं यंत्र बाहेर जाऊ शकतं, बाहेरच्याला आत येता येत नाही. आमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवतो, पत्ते वाटत नाही; सगळे एकाच पत्त्यांत आले. ज्या राउटरला हा मोड नसतो त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करायचा, त्याला पहिल्या राउटरच्या पत्त्यांतला एक मोकळा पत्ता द्यायचा आणि केबल वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टला लावायची.

ठाण्याहून

आमचा किस्सा छोटा. मुलीचा लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडलेला होता. त्या वायफायवरची यंत्रं एकमेकांना आणि घरच्या यंत्रांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. इंटरनेट मिळतं म्हणून शंका येत नाही.

पुण्याहून

'पासवर्ड बरोबर आहे तरी नाकारतोय' असं कुणी म्हणालं की मी विचारते, तो पासवर्ड आहे की पिन? वहिनींकडे हेच निघालं. चार आकडी पिनने त्यांचा संगणक उघडत होता, तोच पिन दुसऱ्या संगणकावरून चालेना. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्डच लागतो. तो कुणालाच आठवत नव्हता, म्हणून शेअरिंगपुरतं एक वेगळं स्थानिक खातं काढून दिलं.

साताऱ्याहून, निवृत्त शिक्षक

माझ्याकडे जुनं स्कॅनर-प्रिंटर यंत्र आहे, स्कॅन केलेला कागद थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकणारं. नवा संगणक आणल्यावर छपाई होत होती, स्कॅन पोचत नव्हता. जुना विंडोज ७ चा संगणक लावून पाहिला, तिथे मात्र स्कॅन लगेच आला. म्हणजे यंत्र ठीक, फोल्डरच्या परवानग्याही सारख्याच, फरक नव्या विंडोजमध्ये. यंत्राला फाइल पाठवायची फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत येते आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती येत नाही. दुरुस्तीला आलेल्या मुलाने 'काका, दोन मिनिटांत चालू करून देतो' म्हटलं. मी नको म्हणालो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच जुन्या पद्धतीतल्या भगदाडातून. यंत्राला एफटीपी या दुसऱ्या पद्धतीने फाइल पाठवणं जमतं, तशी सोय करून घेतली. नातवंडांचे फोटो ज्या संगणकावर आहेत, त्याचं दार एका स्कॅनरसाठी उघडं ठेवायचं नाही.

म्युनिकहून

सर, अगदी योग्य केलंत. माझ्याकडे याचाच पुढचा भाग घडला. विंडोज ११ प्रो २४एच२ वर गेलं आणि जुनी नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) दिसेनाशी झाली. बायकोच्या अपडेट न झालेल्या लॅपटॉपवरून ती उघडत होती, तेवढ्यावरून दिशा मिळाली. या आवृत्तीपासून पासवर्डाविना होणारा पाहुणा प्रवेश बंद आहे आणि प्रत्येक निरोपावर डिजिटल सही (तो वाटेत बदललेला नाही याची खूण) सक्तीची आहे. नेटवर ठिकठिकाणी दोन्ही बंदोबस्त सैल करायच्या युक्त्या दिसतात. त्यापेक्षा नॅसवर वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करा, फर्मवेअर (नॅसच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं करा. माझं तेवढ्यानेच भागलं.

नागपूरहून

उन्हाळ्यात वीज जाते, येते, आणि जोडलेल्या ड्राइव्हवर लाल फुली. राउटर पुन्हा चालू झाला की पत्ते नव्याने वाटतो, नॅसचा पत्ता बदलतो आणि संगणक तिला जुन्याच पत्त्यावर शोधतो. राउटरमध्ये नॅसच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी राखून ठेवला, राउटरला छोटा यूपीएस लावला.

आळंदीहून

आमच्याकडे कीर्तनांची रेकॉर्डिंग्ज आहेत, पुष्कळ जुनी. विंडोजवरून नॅसवर चढवताना काही फाइली जायच्या, काही नाकारल्या जायच्या. आकार बघितला, तो कारण नव्हता. नाकारलेल्या फाइली एका यादीत घेतल्या तेव्हा दिसलं की सगळ्यांची नावं लांबलचक आणि देवनागरीत आहेत. एकीचं नाव इंग्रजी अक्षरांत तेवढंच लांब केलं, तर ती गेली.

बहुतेक नॅसच्या आत लिनक्स असतं आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. 'ज्ञानेश्वरी' आपल्याला चार अक्षरांची वाटते, पण तिथे ती अकरा चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. जेमतेम ८४-८५ चिन्हांत नाव संपतं. आमच्या नावात बुवांचं नाव, अभंगाचा चरण, गाव, तिथी, साथीला कोण, सगळंच होतं. विंडोज बाइट मोजत नाही, म्हणून तिथे वर्षानुवर्षं चाललं.

नावं इंग्रजीत करा असा सल्ला मिळाला, तो मी मानला नाही. वर्षाचं फोल्डर, त्यात बुवांचं, त्यात गावाचं अशी मांडणी केली, फाइलला फक्त अभंगाचे पहिले दोन-तीन शब्द ठेवले आणि बाकी तपशील प्रत्येक फोल्डरातल्या मजकूर फाइलीत लिहिला. फोल्डरचं नाव वेगळं मोजलं जातं, त्यामुळे काहीच गाळावं लागलं नाही.

नाशिकहून

सांगलीकरांना जोड: राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल अडते, बाकी सगळं जातं. राउटर ओळखत असेल तर डिस्क एक्सफॅट करा, पण त्याआधी आतला डेटा बाहेर काढा.

बुलढाण्याहून

माझं अजून सुटलेलं नाही. मोठी फाइल पाठवली की सुरुवात जोरात होते, काही जीबी गेल्यावर वेग जवळजवळ शून्यावर येतो, मग परत उचल खातो. केबल बदलली, लिंक स्पीड १००० दिसतोय.

धागाकर्ती

तपासणीतून नेटवर्क काढूनच टाका. तीच फाइल त्याच संगणकावर एका डिस्कवरून त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून बघा. तिथेही अडखळली तर राउटरला हात लावू नका.

बुलढाण्याहून

केलं. तिथेही तसंच अडखळतंय. मॉडेल नंबर शोधला, डिस्क एसएमआर प्रकारची, म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी आहे. तिची तात्पुरती जागा भरली की लिहिणं मंदावतं. आता ती फक्त बॅकअपला ठेवतो आणि रोजच्या कामाला सीएमआर (पट्टे वेगवेगळे ठेवणारी) डिस्क मागवतो.