फ्रेडरिक फोर्सिथ : कादंबरीकार, की नुसताच पट्टीचा बातमीदार?

रातवाचक :
जून २०२५ मध्ये फोर्सिथ गेला. त्याच्याबद्दल बोलताना अजूनही एक सूर हमखास लागतो, की माणूस खिळवून ठेवायचा, पण साहित्याशी त्याचा संबंध नाही. मला हे साफ नामंजूर आहे.

जानेवारी १९७० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याच्याकडे ना नोकरी होती ना पैसा. ३५ दिवसांत त्याने 'द डे ऑफ द जॅकल' लिहून काढली. प्रकाशकांनी ती एकामागून एक परत केली. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल तर जिवंत आहेत, म्हणजे त्यांच्या खुनाचा कट फसणार हे वाचकाला आधीच ठाऊक, मग यात उत्कंठा कसली? पण ही अडचण हाच तर त्या कादंबरीचा पाया आहे! 'काय होणार' हा प्रश्न त्याने सुरुवातीलाच निकालात काढला आणि 'कसं' एवढाच शिल्लक ठेवला. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा काढायचा, बंदूक कुबडीत कशी दडवायची. आणि दुसऱ्या बाजूला लबेल हा साधासुधा, बायकोला वचकून असणारा पोलीस अधिकारी, चिकाटीने एकेक धागा जुळवत मागावर. १९६२ मध्ये पॅरिसजवळ द गॉल यांच्या गाडीवर खरोखर गोळीबार झाला, तेव्हा फोर्सिथ रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा बातमीदार म्हणून त्या शहरातच होता. हे सगळं त्या काळातून आलंय. असा आराखडा रचणं ही कला नाही तर काय आहे?

कोरा कागद :
कारागिरी आहे, आणि अव्वल दर्जाची आहे. पण कादंबरीला माणसं लागतात. जॅकल या भाडोत्री मारेकऱ्याला नाव नाही, भूतकाळ नाही, पैशापलीकडे हेतू नाही. त्या एका पुस्तकात ते खपून गेलं, कारण ती पोकळीच भीतिदायक होती. पुढच्या पुस्तकांत मात्र नायक एकाच साच्यातले निघतात आणि बायका कथानकाच्या सोयीपुरत्या येतात. शस्त्रं, खाती, पदं यांची वर्णनं पानंच्या पानं चालतात. हेरकथेतच माणूस किती खोल दाखवता येतो हे हेरकथाकार जॉन ल कारेने १९६३ सालीच दाखवलं होतं, त्यामुळे प्रकारालाच मर्यादा आहेत ही पळवाट उरत नाही.

उंबरठा :
माझा आक्षेप त्याच्या लेखनापेक्षा त्याच्या आयुष्याबद्दल आहे. २०१५ च्या 'द आउटसायडर' या आत्मचरित्रात त्याने स्वतःच सांगितलं, की आपण वीसेक वर्षं ब्रिटिश गुप्तहेर खात्याला, एमआय-६ला, मदत करत होतो. सुरुवात बियाफ्रात, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या प्रदेशात, तीही युद्धाचं वार्तांकन करत असताना. पुढे १९७३ मध्ये पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला जाऊन एका रशियन अधिकाऱ्याकडून कागदपत्रंही आणली. बातमीदाराच्या ओळखपत्राआड हेरगिरी झाली की त्याची किंमत इतर बातमीदार मोजतात. कुठल्याही युद्धात त्यांच्याकडे संशयाने बघायला निमित्त मिळतं.

रातवाचक :
उंबरठा, बियाफ्रात काय घडत होतं तेही बघा ना. १९६७ मध्ये बीबीसीने त्याला तिथे पाठवलं. पुढे संस्थेला त्या युद्धात रस उरला नाही, तेव्हा नोकरी सोडून तो स्वतःच्या जबाबदारीवर परत गेला. नायजेरियाने कोंडी केलेली, मुलं उपासमारीने मरताहेत आणि ब्रिटिश सरकार नायजेरियालाच शस्त्रं पुरवतंय. लंडनमध्ये कुणीतरी खरी परिस्थिती ऐकून धोरण बदलेल या आशेने त्याने माहिती दिली. पैसे घेतले नाहीत असं तो सांगतो. पहिली कादंबरी लिहिण्याआधी, १९६९ मध्ये, त्याचं बियाफ्रावरचं पुस्तक आलं होतं. पोटतिडीक नसलेला माणूस हे करत नाही.

उंबरठा :
पोटतिडिकीवर मी शंका घेतलेलीच नाही. मुलं मरत होती आणि ते जगाला ओरडून सांगणं गरजेचं होतं. पण बियाफ्राचा नेता ओजुक्वू त्याचा मित्र झाला, पुढे १९८२ मध्ये फोर्सिथने त्याचं चरित्रही लिहिलं. बाजू घेतली तर उघडपणे घ्यावी, तशी त्याने घेतलीही. पण हेर खात्याचा दुवा वाचकापासून चाळीसहून जास्त वर्षं लपवला, आणि तिथे माझी सहानुभूती संपते. हेतू चांगला होता एवढ्याने वाचकाचा हक्क बुडत नाही.

पिंपळपान :
मला या दोन्ही वादांत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. 'द ओडेसा फाइल' (१९७२) मधला खलनायक एडुआर्ड रोशमान हा लाटव्हियातल्या रिगाच्या ज्यू वस्तीचा खरा नाझी प्रमुख होता. नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या सायमन वीझेंथालच्या सूचनेवरून खरं नाव वापरलं गेलं. पुस्तक आणि १९७४ चा चित्रपट यांमुळे तो माणूस पुन्हा चर्चेत आला. पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाकडे ताबा मागितल्यावर तो पॅराग्वेला पळाला आणि १९७७ मध्ये तिथेच मेला. किती कादंबऱ्यांच्या नशिबी असा परिणाम येतो?

कोरा कागद :
पिंपळपान, मला धोका दिसतो तो नेमका इथेच. त्या कादंबरीत रोशमान एका जर्मन अधिकाऱ्याला गोळी घालतो आणि सगळं कथानक त्यावर फिरतं. तो प्रसंग काल्पनिक आहे. 'ओडेसा' ही माजी नाझींना पळून जायला मदत करणारी अवाढव्य, सर्वत्र हात पोचलेली गुप्त संघटना होती, हेही इतिहासकारांना मान्य नाही. पण फोर्सिथचा अहवाली सूर इतका खात्रीचा असतो, की वाचक ते इतिहास म्हणूनच घरी घेऊन जातो. खऱ्या नावांच्या मधोमध कल्पित खून पेरणाऱ्या लेखकावर जास्त जबाबदारी असते, आणि ती त्याने पाळली असं मला म्हणवत नाही.

रातवाचक :
जबाबदारीचा मुद्दा वजनदार आहे. पण ती खात्री वाचकाला वाटते कशी, हे जरा बघा. जॅकल जंगलात कलिंगडावर नेम धरून बंदूक जुळवतो तो प्रसंग घ्या. स्क्रूड्रायव्हरने दुर्बीण थोडी फिरवायची, गोळी झाडायची, जाऊन भोक कुठे पडलंय ते बघायचं, परत फिरवायची. शेवटी एकच स्फोटक गोळी. भावनेचा एक शब्द नाही, द गॉलचं नावही घ्यावं लागत नाही. तरी त्या माणसाबद्दल आपल्याला सगळं कळतं. बालपण सांगून, मनात डोकावून यापेक्षा जास्त काय कळलं असतं ते, कोरा कागद, तुम्ही मला दाखवा. व्यक्तिरेखा कृतीतूनही उभी राहते, आणि त्या पानांवर ती उभी आहे.