मदत हवी आहे : ‘ग्रो’ या क्रियापदाला मराठीत काय योजावे?
नमस्कार. एका इंग्रजी बालकथेचा अनुवाद करताना मी ‘ग्रो’ या क्रियापदापाशी अडले आहे. रोप वाढते, शेतकरी भात पिकवतो, आजोबा दाढी राखतात आणि संध्याकाळी अंधारून येते, या चारही ठिकाणी मूळ क्रियापद एकच असले तरी मराठीत दरवेळी निराळे योजावे लागते (शिवाय आपण पानात भातही ‘वाढतो’, तो गोंधळ वेगळाच). इथवर निभावले. परंतु आधी नावडते गाणे ऐकता ऐकता आवडू लागते, त्या अर्थीच्या ‘ग्रो ऑन’साठी ‘मनात घर केले’ लिहिले, तर ते सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी शोभत नाही. तसेच अंग वाढल्याने कपडा पुरेनासा होतो, त्या अर्थीच्या ‘ग्रो आउट ऑफ’साठी ‘स्वेटर आखूड झाला’ म्हटले की दोष स्वेटरकडे जातो, वाढलेली मात्र मुलगी असते. कृपया पर्याय सुचवावेत.