मदत हवी आहे: आर्चटॉप गिटारला भोक न पाडता पिकअप (तारांचा आवाज अँपला पोचवणारा भाग) कसा बसवू?

माझी अकूस्टिक आर्चटॉप आहे, कोरीव स्प्रूस लाकडाचा फुगीर टॉप (वरची फळी), नायट्रो लॅकरचं फिनिश. पुढच्या महिन्यात नागपुरात धरमपेठेत छोट्या हॉलमध्ये बेस आणि ड्रम्ससोबत जॅझ वाजवायचंय. टॉप कापायचा नाही म्हणजे नाही, एकदा कापला की तो मोकळा आवाज परत येत नाही. सीताबर्डीत एका दुकानात दाखवली तर सरळ राउटर मारू (मशीननं टॉप कापू) म्हणाले, मी तशीच उचलून घरी आणली.

ब्रिजजवळ चिकटवायचा पिएझो (कंपनं पकडणारा पिकअप) लावून पाहिला, पण ड्रम्स सुरू झाले की फीडबॅक, आणि आवाज कोरडा. मला जॅझ गिटारिस्ट चार्ली ख्रिश्चन 1936 मध्ये आलेल्या गिब्सनच्या ईएस-150 या इलेक्ट्रिक गिटारवर काढायचा तसा गोल आवाज हवाय. म्हणून आता फ्लोटिंग मिनी हंबकर (टॉपला न टेकणारा छोटा मॅग्नेटिक पिकअप) शोधून राहिलो, पिकगार्डला (टॉपवरच्या संरक्षक पट्टीला) लागणारा, व्हॉल्यूम पॉटही (आवाजाचा नॉबही) पिकगार्डखालीच. नेकच्या टोकाशी तारा आणि टॉपमध्ये 17 मिमी जागा आहे. फॉस्फर ब्राँझ तारा मॅग्नेटिक पिकअपवर कमी उचलतात, त्यामुळे निकेलच्या लावणार आहे. बजेट दहा हजार. पिकअप चिकटवायला डबल टेप नको, इथल्या उन्हात सुटतो आणि नायट्रोवर डाग पडायची भीती.

अडकलोय जॅकपाशी (केबल जिथे लावतात तो). एंडपिनचं (बुडाशी पट्टा अडकवायच्या खुंटीचं) भोक 12 मिमी करायचं तर आतला टेल ब्लॉक (तिथला लाकडी ठोकळा) चिरायची धास्ती वाटते, पिकगार्डच्या ब्रॅकेटवर बसवला तर केबलच्या ओढीनं पिकगार्ड हलून टॉपला लागेल का? कुणी स्वतः बसवलाय का असा, आणि जॅक कुठे दिला?