"दाताच्या मूळपेशी" म्हटलं की मुळातल्या पेशी वाटतात, दुसरा शब्द सुचवा

वडाचीपारंबी: मी भाषांतराची कामं करते. सध्या मुंबईतल्या एका डेंटल कॉलेजसाठी पालकांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. मुलांच्या दुधाच्या दातातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी, लॅबमध्ये ठेवायच्या, त्यांच्यावर कमी ताकदीचा लेसर टाकायचा आणि त्याने त्या जास्त वाढतात का ते बघायचं, असा विषय आहे. पेपरात येतं तसं मी सरळ "दाताच्या मूळपेशी" लिहिलं. काल ओपीडीत एका आईला वाचायला दिलं, तिच्या मुलाचा पुढचा दात हलतोय, तर ती कागद खाली ठेवून म्हणाली, "मूळ काढून घेणार? मग खालचा नवा दात कसा येणार हो?" तिचं काय चुकलं सांगा. दाताला मूळ असतंच ना! दुसरी अडचण "वाढ" या शब्दाची. पेशी मोठी होते की पेशींची संख्या वाढते? इथे संख्या म्हणायचंय. सोमवारी कागद द्यायचाय.

खडूफळा: ताई, मूळपेशी हे भाषांतरच फसलेलं आहे. स्टेम म्हणजे खोड, मूळ नव्हे. शुद्ध शब्द "स्कंधपेशी". आणि कृपा करून "स्कंदपेशी" लिहू नका, सगळीकडे तेच दिसतं. स्कंद म्हणजे कार्तिकेय, स्कंध म्हणजे खोड आणि खांदा.

लोकलमधलीखिडकी: सर, त्या आईला मूळ तरी कळलं, स्कंध वाचून तर ती सहीच करणार नाही. "स्टेम सेल" लिहा ना, हल्ली बाळाच्या नाळेच्या जाहिराती बघून सगळ्यांना माहितीये.

खडूफळा: हेच करत करत "संगणक" गेला. सोपं पडतं म्हणून शब्द टाकून दिले की पुढच्या पिढीला ते अवघडच वाटणार.

परळचादातवाला: मी दातांचा डॉक्टर, म्हणून थोडं लिहितो. या पेशी दाताच्या आत जो मऊ भाग असतो, जिथे नस असते म्हणतो आपण, तिथे असतात. रूट कॅनलमध्ये तोच भाग काढतात. 2000 साली पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या अक्कलदाढेतून वेगळ्या केल्या आणि 2003 मध्ये दुधाच्या दातातून, आणि दुधाच्या दातातल्या जास्त भराभर वाढतात असं तेव्हाच दिसलं होतं. गंमत म्हणजे मुळाच्या टोकाशीही वेगळ्या स्टेम सेल सापडतात, त्यामुळे "मूळपेशी"चा गोंधळ नुसता पालकांचा नाही, आमचाही होईल. लेसरचं म्हणाल तर तो भाजत नाही, कापत नाही. लाल किंवा त्याच्या पलीकडचा न दिसणारा उजेड, साधारण 600 ते 1000 नॅनोमीटरमधला, ताकद मिलीवॅटमध्ये. पेशीत ऊर्जा तयार करणारे जे बारीक भाग असतात, मायटोकाँड्रिया, त्यांच्यातलं एक एन्झाइम तो शोषतं आणि ऊर्जा जास्त तयार होते असं मानतात. पण डोस फार महत्त्वाचा, कमी पडला तर काही होत नाही, जास्त झाला तर पेशी उलट मंदावतात. म्हणून "लेसरने पेशी वाढतात" असं ठाम लिहू नका ताई, "वाढतात का ते पाहणार" एवढंच लिहा.

वडाचीपारंबी: खूप आभार डॉक्टर, हे मी लगेच बदलते. तो मऊ भाग म्हणजे पल्प ना? त्याला मशीनने "लगदा" दिलंय, मी "गर" करावं म्हणतेय. फणसाचा गर, तसा दाताचा गर.

भातखाचर: गर छान आहे. आणि वाढीला आमच्याकडचा शब्द घ्या की, "फुटवे". माझं बालपण कर्जतच्या बाजूचं. भाताचं एक रोप लावलं की बुडातून फुटवे येतात, एकाची दहा ताटं होतात. रोप उंच झालं तर ती वाढ, दहा झाली तर फुटवे. आजी वाकून एकेक चूड मुठीत धरून मोजायची. पेशींचं हेच होतंय ना?

खडूफळा: संख्यावाढीला "प्रगुणन" हा शब्द आहे.

लोकलमधलीखिडकी: आहे, पण कुठल्या आईने ऐकलाय?

अनुस्वार: खोड की मूळ यावर थोडं. "स्टेम सेल" हा शब्द जर्मनमधून आला, हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने 1868 मध्ये "श्टामत्सेले" लिहिलं. श्टाम म्हणजे खोडही आणि कूळही. त्याच्या डोक्यात वंशवृक्ष होता, सगळे जीव ज्या एकाच पेशीतून आले ती पेशी. म्हणजे "मूळपुरुष" म्हणतो त्या अर्थाने मूळपेशी अगदी बरोबर आहे! माझं मत, "कुळपेशी" म्हणावं.

खडूफळा: कूळ म्हटलं की कूळकायदा आठवतो.

परळचादातवाला: आणि ते "लेझर" की "लेसर"? आमच्याकडे दोन्ही बोर्ड आहेत.

अनुस्वार: इंग्रजीत उच्चार झ आहे, पण मराठीत लेसर रुळलाय.

लोकलमधलीखिडकी: कुठे रुळलाय? दादरला प्रत्येक डोळ्याच्या दवाखान्यावर लेझर लिहिलंय, चालत जाऊन बघा.

भातखाचर: तो पडलेला दात तुम्ही सगळे काय करायचात? आम्ही शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकायचो.

लोकलमधलीखिडकी: चाळीत कुठलं कौल! आई तुळशीच्या कुंडीत पुरायची, गॅलरीतल्या. माझे चार तरी असतील तिथे.

वडाचीपारंबी: "दाताच्या आतल्या गरातल्या स्टेम सेल, यांची संख्या लेसरच्या सौम्य उजेडाने वाढते का" एवढं आत्ता लिहिलंय. "सौम्य" चालेल ना, की "मंद"?

खडूफळा: मंद दिवा असतो, लेसर नव्हे.

भातखाचर: आमच्यात वरचा दात कौलावर आणि खालचा जमिनीत, असंही होतं. कुणाकडे?